स्वॅब आधी, गोळी नंतर

डिसेंबर १९३६. तुम्ही जळगाव स्टेशनाबाहेर उभे आहात. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरतंय, खेड्यात भरणारं पहिलंच, आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या गांधीटोप्यांनी भरून चालल्यात. तुम्हाला फैजपूरला जायचं नाही. तुम्ही कापसाच्या वखारींमागच्या एका छोट्या दवाखान्यात शिरता. पडद्याआड तिशीतला एक हमाल मान खाली घालून उभा आहे.

"काय व्हयनं रे भाऊ?" कंपाउंडर विचारतो. हमाल बोलत नाही. धोतरावरचा पिवळा डाग तेवढा दाखवतो. कंपाउंडरला एवढं पुरतं. परमा.

डॉक्टर पुवाचा ठिपका काचपट्टीवर पसरतात, ज्योतीवरून फिरवतात, रंग चढवतात, धुतात. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता. पुवातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात जोडीजोडीने बसलेले गुलाबी ठिपके दिसतात. राजम्याचे दोन दाणे सपाट बाजूंनी एकमेकांना टेकवावेत तशी प्रत्येक जोडी. अल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने ब्रेस्लाऊ शहरात परम्याचा, म्हणजे गनोरियाचा, हा जंतू १८७९ साली ओळखला. म्हणजे आज सत्तावन्न वर्षं झाली, शत्रूचा चेहरा ठाऊक आहे. औषध मात्र नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने मूत्रमार्ग धुवायचा, चांदीच्या क्षारांची पिचकारी मारायची, चंदनाचं तेल पोटात द्यायचं, आणि हे आठवडेच्या आठवडे करत राहायचं. कुणी बरा होतो. कुणाचा मूत्रमार्ग आतून आक्रसत जातो आणि जन्मभर लघवी थेंबाथेंबाने उतरते.

डॉक्टर त्याला विचारतात, "बायको कुठंय?" ती गावी आहे, दिवस गेलेत. डॉक्टर एक बाटली काढून ठेवतात: सिल्व्हर नायट्रेट. मूल जन्मताच डोळ्यांत एकेक थेंब, नाहीतर आईच्या अंगातला परमा बाळाचे डोळे घेऊन जातो. लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८०च्या सुमारास ही रीत घालून दिली आणि असंख्य मुलं आंधळी होण्यापासून वाचली. बाळाच्या डोळ्यांसाठी थेंब आहेत. आईच्या गर्भनलिकांसाठी काहीच नाही. पुढे तिला दुसरं मूल झालं नाही, तर वांझ कोण ठरेल हे तुम्हाला सांगायला नको.

चार वर्षं पुढे या. तोच दवाखाना, पण टेबलावर आता गोळ्यांची बाटली आहे. सल्फा. परम्यावर ती १९३७ पासून वापरली जातेय. तीन-चार दिवसांत पू थांबतो, जळजळ जाते, आणि माणूस कामावर परततो. डॉक्टरांचा आनंद तुम्हाला समजतो. पिचकारीच्या दिवसांतून आलेल्या माणसाला हा चमत्कारच आहे. पण पू थांबला की गोळ्याही थांबतात. उरलेल्या गोळ्या पुडीत बांधून ठेवतात, कुणा मित्राला देतात. महायुद्धातल्या लष्करी दवाखान्यांत १९४४ पर्यंत सल्फाला न जुमानणारा परमा सर्रास दिसू लागला. सात वर्षांत एक औषध गेलं. पहिलंच.

आता थोडा वेळ खानदेश सोडा. १९४१, बोस्टन, हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेची प्रयोगशाळा. जेन हिंटन नावाची बावीस वर्षांची कृष्णवर्णीय तंत्रज्ञ काचेच्या बशांत आगर ओततेय. तिचे वडील विल्यम हिंटन यांची गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्तचाचणी तेव्हा अमेरिकेत नावाजलेली. परम्याचा जंतू पाळायला फार नाजूक: थंडीत मरतो, वाळला की मरतो, आणि साध्या आगरमधल्या स्निग्ध आम्लांनीही मरतो. हॉवर्ड म्यूलर आणि जेन यांनी आगरमध्ये स्टार्च घातला. स्टार्च ती आम्लं शोषून घेतो आणि जंतू वाढतो. म्यूलर-हिंटन आगर ते हेच. आज भुसावळच्या एखाद्या लॅबमधून तुमच्या सासूबाईंच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट येतो, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'लागू' किंवा 'लागू नाही' असा शेरा, तो बहुतेक वेळा याच आगरवर ठरतो. जगभर बहुतेक जंतूंच्या औषध-चाचणीचं हे आगर मुळात परम्याच्या आणि मेंदूज्वराच्या जंतूंसाठी बनलं होतं. जेन पुढे १९४९ साली पशुवैद्य झाली. तिचं नाव लॅबमध्ये रोज घेतलं जातं, पण ती कोण हे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला इथे मुद्दाम आणलं.

परत या. १९५५, धुळे. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना सुरू झालाय, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला, आणि पेनिसिलीन आता देशातच तयार होतंय. पांझरेकाठच्या या गावातल्या दवाखान्यात परिचारिका काचेच्या सिरिंजा उकळतेय. एक इंजेक्शन, आणि परमा गेला.

सुईतला डोस मात्र नीट बघा. चाळिशीच्या दशकात दीड-दोन लाख युनिटांत हे काम होत होतं. मग तीन लाख लागू लागले, मग सहा, मग बारा. १९७२ पर्यंत अमेरिकेची अधिकृत शिफारस अठ्ठेचाळीस लाख युनिटांवर गेली, वर पेनिसिलीन लघवीवाटे लवकर निघून जाऊ नये म्हणून प्रोबेनेसिडची जोड. जंतू एकेक पाऊल मागे सरकत नव्हता, उलट एकेक पायरी चढत होता, आणि आपण डोस वाढवत त्याच्या मागे चाललो होतो. १९७६ साली त्याने पायऱ्याच सोडल्या. पेनिसिलीन फोडून टाकणारं विकर बनवणारे परम्याचे जंतू त्या वर्षी सापडले, काहींचा माग अतिपूर्वेकडे लागला, काहींचा पश्चिम आफ्रिकेकडे. आता डोस कितीही वाढवला तरी उपयोग नव्हता.

गरमीच्या जंतूने मात्र पेनिसिलीनपुढे अजूनही मान वर केलेली नाही. १९४३ साली ज्या औषधाने गरमी बरी झाली, त्यानेच ती आजही बरी होते. दोन्ही रोग एकाच वाटेने येतात, एकाच माणसात सापडतात, पण स्वभाव वेगळे. गरमीचा जंतू प्लेटवर वाढतच नाही. परम्याचा वाढतो, म्हणून त्याला विचारता तरी येतं.

१९९६. धुळ्याबाहेरचा ढाबा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग या गावापाशी एकमेकांना छेदतात, आणि रात्री दहानंतर इथे ट्रकांच्या रांगा लागतात. तुमच्या शेजारच्या बाजेवर एक क्लीनर बसलाय, वय जेमतेम वीस. ड्रायव्हर त्याला सांगतो, "मेडिकलवर जा, सिप्रो माग. दोन गोळ्यांत साफ." मेडिकलवाला काही विचारत नाही. पोराला लाज वाटते म्हणून तोही काही सांगत नाही. परमा असला की एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो, हे दोन वर्षांपूर्वी कुणी भिंतीवर रंगवलं असेल, पण पोराने ते वाचलेलं नाही.

सिप्रो तेव्हा सगळ्यावर चालते. टायफॉइडला, जुलाबाला, तापाला, कधी नुसत्या अंगदुखीलाही. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती फक्त ट्रकवाल्यांची नाही. परमा झालेल्या अनेक बायकांना काहीही जाणवत नाही. घशात बसलेला परमा पुरुषालाही सहसा जाणवत नाही. म्हणजे जुलाबासाठी घेतलेली सिप्रो नकळत त्या जंतूवरही पडते, अर्धवट डोसात, आणि जे चार जंतू तरले ते पुढच्या माणसाकडे जातात. दुसरी गोष्ट घशाची. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घशात परम्याच्या जंतूचे निरुपद्रवी चुलतभाऊ राहतात. सर्दी-खोकल्याला आपण सेफिक्झीम घेत राहतो, ते चुलतभाऊ सेफिक्झीम पचवायला शिकतात, आणि परम्याचा जंतू घशात आला की त्यांच्याकडून जनुकाचे तुकडे उचलतो. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे. जपानमधल्या क्योटोत २००९ साली सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारा परमा सापडला. त्या जंतूच्या पेनिसिलीन पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात असेच उसने तुकडे होते.

सिप्रोही गेली. २००० नंतर भारतातल्या प्रयोगशाळांत तिला न जुमानणारे जंतूच बहुसंख्य ठरले. मग २००७ नंतर रंगीत किटं आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, प्रत्येक लक्षणासाठी एक डबी ठरवली. मूत्रमार्गातून पू येत असेल तर राखाडी किट: ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झीम चारशे मिलिग्रॅम, डॉक्टरांसमोरच गिळायचं. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलमधली 'सुरक्षा क्लिनिक' याच पद्धतीवर उभी राहिली. माझ्या मते ही पद्धत योग्यच होती. चोपड्याहून एसटीने आलेल्या माणसाला चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बोलावलंत तर तो परत येत नाही. तेवढ्यात तो रोग आणखी दोघांना देतो. समोर आहे तोवर औषध द्या, हा विचार माणसांना ओळखणाऱ्यांचा आहे. पण किटात कोणतं औषध घालायचं हे कुठेतरी कुणीतरी प्लेट वाचून ठरवलं पाहिजे. पाच टक्क्यांहून जास्त जंतू एखाद्या औषधाला न जुमानणारे निघाले, की ते औषध बदलायचं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे. पाच टक्के कळायला जंतू वाढवावा लागतो. आणि किट आलं तसं बऱ्याच ठिकाणी जंतू वाढवणं सुटलं.

त्या काळात ते चालू ठेवणंही सोपं नव्हतं. २००८च्या उन्हाळ्यात कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये जाऊन पाहा. बाहेर चव्वेचाळीस अंश, भारनियमनाचे तास भिंतीवर चिकटवलेले, आणि इन्क्युबेटर बंद. ज्या जंतूला छत्तीस अंश आणि दमट हवा अखंड लागते, त्याचं अशा खोलीत काय होणार?

आता आजच्या दिवसात या, आणि इथे जरा थांबा. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८०च्या दशकाअखेरीपासून आहे, जळगावात २०१८ पासून. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे आणि प्लेट ओतता येणारे हात आहेत. अशाच एका प्रयोगशाळेत तुम्ही ॲप्रन घालून उभे आहात.

सकाळी अकरा. शेजारच्या ओपीडीतून फोन येतो: "मॅडम, एक डिस्चार्जचा पेशंट आहे, स्वॅब घ्यायला या." तुम्ही स्वतः जाता, कारण नमुना इथपर्यंत यायला लावणं म्हणजे जंतूला वाटेत मारणं. हातात डॅक्रॉनची बारीक कांडी. कापसाची चालत नाही. कापसातल्या स्निग्ध आम्लांनी हा जंतू मरतो, तीच आम्लं जी जेन हिंटनने स्टार्चने अडवली. कापसाच्या जिल्ह्यात कापूस बाजूला ठेवून नायलॉन किंवा डॅक्रॉन मागवावं लागतं.

"दादा, गोळी घेतली का आधी कुठली?"

"नाही मॅडम. मेडिकलवाला देत होता, पण त्यानेच सांगितलं, आधी सिव्हिलला दाखव."

त्या मेडिकलवाल्याचे मनोमन आभार माना. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या स्वॅबमधून जंतू क्वचितच वाढतो.

कांडी दोन सेंटिमीटर आत, एकदा फिरवायची, बाहेर. त्याच जागी प्लेटवर ओढायची. प्लेट चॉकलेटी दिसते, कारण आगरात मिसळलेलं रक्त तापवून फोडलेलं असतं, म्हणजे जंतूला पेशींच्या आतलं खाद्य मिळतं. त्यात व्हॅन्कोमायसिन, कोलिस्टिन आणि निस्टॅटिन, इतर जंतू आणि बुरशी दाबायला. थायर आणि मार्टिन यांनी १९६०च्या दशकात बसवलेली ही कृती. फ्रिजमधून काढलेली प्लेट आधी खोलीच्या तापमानाला आलेली असली पाहिजे. थंड प्लेटवर सगळं फुकट जातं. एक कांडी काचपट्टीवरही फिरवता. मग प्लेट मेणबत्तीच्या बरणीत: तळाशी ओला बोळा, त्यावर प्लेटा, वर पांढरी साधी मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट. ज्योत हवेतला ऑक्सिजन खात विझते, आणि बरणीत जंतूला हवा तेवढा, तीनेक टक्के, कार्बन डायऑक्साइड उरतो. लाखो रुपयांचं यंत्र नसेल तर ही बरणी पुरते. बरणी इन्क्युबेटरमध्ये. पेशंटला त्याचं किट लगेच, त्याच दिवशी. आणि समुपदेशक त्याला विचारते, "घरच्यांना कधी आणताय?"

दुसऱ्या दिवशी प्लेटवर राखाडी, अर्धपारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. कागदाच्या पट्टीवर एक ठिपका घासता, ऑक्सिडेजचा थेंब टाकता, दहा सेकंदांत पट्टी गर्द जांभळी. ग्राम रंगवून पाहता: जोड्या. साखरेच्या चाचणीत फक्त ग्लुकोज आंबतं, माल्टोज नाही. आता नाव पक्कं. चाचणीसाठी ताजं पीक हवं म्हणून तो नव्या चॉकलेटी प्लेटवर ओढता.

तिसऱ्या दिवशी खरी चाचणी. त्या ताज्या पिकातले ठिपके खारट पाण्यात ढवळता, ठराविक गढूळपणा येईतो, आणि पंधरा मिनिटांच्या आत जीसी आगरच्या प्लेटवर तीन दिशांनी पसरता. या जंतूला आता म्यूलर-हिंटनही पुरत नाही, त्याला स्वतंत्र आगर आणि वर एक टक्का पूरक खाद्य लागतं. चिमट्याने औषधाच्या चकत्या ठेवता, हलकेच दाबून: पेनिसिलीन, सिप्रो, सेफिक्झीम, सेफ्ट्रियाक्सोन. एका लहान प्लेटवर चारपेक्षा जास्त नाहीत, नाहीतर वर्तुळं एकमेकांत मिसळतील. शेजारच्या प्लेटवर प्रमाणित जंतू, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. त्याचं वर्तुळ चुकलं तर आजचं सगळं काम बाद. पुन्हा बरणी. १९६६ साली सिॲटलमध्ये बावर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकत्यांची ही पद्धत प्रमाणित केली, आणि ती आजही जगातल्या स्वस्त आणि विश्वासार्ह पद्धतींपैकी एक आहे.

चौथ्या दिवशी सकाळी प्लेट उजेडात उलटी धरता आणि पट्टी लावता. पेनिसिलीनभोवती सतरा मिलिमीटर, सत्तेचाळीस लागतात. सिप्रोच्या चकतीला जंतू जवळजवळ चिकटून वाढलेत; एक्केचाळीस लागतात. सेफिक्झीम तेहतीस, एकतीसला पास. सेफ्ट्रियाक्सोन अडतीस, पस्तीसला पास. अमेरिकी मानकांत सेफ्ट्रियाक्सोनपुढे 'लागू नाही' असा आकडाच छापलेला नाही, कारण असा जंतू फार दुर्मीळ. पस्तीसच्या खाली एक मिलिमीटर जरी आलं तरी तो जंतू जपून ठेवायचा, पुन्हा चाचणी करायची आणि नागपूरच्या किंवा दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातल्या केंद्राकडे पाठवायचा. सफदरजंगची प्रयोगशाळा आग्नेय आशियातल्या परम्याच्या औषध-प्रतिकारावर नजर ठेवते, आणि किटात काय घालायचं ते शेवटी अशाच ठिकाणांहून गेलेल्या मिलिमीटरांवर ठरतं. धुळ्याहून एकही आकडा गेला नाही, तर खानदेशाचा निर्णय दिल्ली-चेन्नईच्या जंतूंवरून होतो.

सेफ्ट्रियाक्सोननंतर हाताशी फार काही नाही. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत झोलिफ्लोडॅसिन आणि जेपोटिडॅसिन ही दोन नवी औषधं यशस्वी ठरली आहेत, ही मोठी चांगली बातमी आहे. पण सल्फा, पेनिसिलीन आणि सिप्रो या तिन्हींचं स्वागतही असंच झालं होतं, तुम्ही ते आत्ताच पाहिलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात परम्याचे सव्वाआठ कोटी नवे रुग्ण झाले.

औषध देण्याआधी जंतूला विचारणं क्षयरोगाच्या बाबतीत आपण करून दाखवलंय. आज तालुक्याच्या गावीही थुंकीची सीबीनॅट ही जनुकीय चाचणी होते आणि रुग्णाला रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही हे त्याच दिवशी कळतं. परम्याची मोठ्या शहरांतली जनुकीय चाचणी जंतू आहे की नाही एवढंच सांगते; कोणतं औषध चालेल हे विचारायला अजून प्लेटच लागते. क्षयरोग्याला हा हक्क मिळाला, कारण क्षयाबद्दल आपण मोठ्याने बोलायला शिकलो. परम्याबद्दल नाही. माझी मागणी साधी आहे: खानदेशातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने पू घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचा स्वॅब किट देण्याआधी घ्यावा, जंतू वाढवावा, आणि आकडे वर पाठवावेत. मेणबत्तीची बरणी, चॉकलेटी प्लेट आणि एक तयार हात, एवढंच त्याला लागतं.

आणि तुमच्याकडून हे. लघवीला जळजळ असेल, पू असेल, अंगावरून घाण जात असेल, तर मेडिकलवरून गोळी घेऊ नका. सेफिक्झीमच्या पाकिटावर लाल चौकट असते. ती गोळी चिठ्ठीशिवाय विकणं कायद्याने बंद आहे. सिव्हिलमधल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तिथली तपासणी आणि औषध मोफत आहे. पहिली गोळी गिळण्याआधी विचारा, "स्वॅब घेणार का?" जोडीदाराला सोबत न्या, तिला काही त्रास नसला तरी. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.